फुलणारा छोटा कॅक्टस घरात ठेवताना या चुका टाळा

मॅमिलेरिया, रेब्यूशिया, पॅरोडिया, जिम्नोकॅलिशियम यांसारखे लहान कुंडीत मावणारे कॅक्टस रोपवाटिकेतून बहुधा कळ्या-फुलांसह घरी येतात, आणि बहुतेक घरांत तो पहिला बहरच शेवटचा ठरतो. झाड मरत नाही, पण फुलतही नाही. किंवा वर्षभर छान दिसते आणि एका आठवड्यात बुडातून बसते. याचे मोठे कारण असे की, निगेच्या ज्या सूचना आपल्या वाचनात येतात त्या बहुतांशी थंड देशांतील खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. तेथे उन्हाळा हा कॅक्टसच्या वाढीचा काळ असतो; मराठवाड्यात पारा बेचाळिशीला टेकला की तेच झाड जवळजवळ झोपी जाते. पाणी, खत आणि जागा यांचे वेळापत्रक येथे आपल्या ऋतूंप्रमाणे बसवावे लागते.

मे महिन्यात रोज पाणी

कॅक्टस आपल्या खोडावरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटून घेतो आणि रात्री हवा गार झाल्यावर उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो. मे महिन्यात आपल्याकडे मध्यरात्रीपर्यंत भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे हे रात्रीचे काम मंदावते, मुळे पाणी फारसे उचलत नाहीत आणि ओली राहिलेली कुंडी दिवसा अक्षरशः वाफाळते. एवढ्या उन्हात झाड तहानले असेल या समजुतीने रोज घातलेले पेलाभर पाणी बुरशीच्या उपयोगी पडते. मे महिन्यात दहा-बारा दिवसांतून एकदा, सूर्य मावळल्यानंतर, थोडेच पाणी पुरते. भरपूर पाण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य आणि पुन्हा पाऊस ओसरल्यानंतर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. तेव्हा मात्र खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा देऊ नये. वरची माती कोरडी दिसणे हा पुरावा नव्हे. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कडेने तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. काडी गडद किंवा गार लागली तर आणखी थांबावे. पावसाळ्यात घरातील हवाच दमट असल्याने हे थांबणे कधी कधी तीन आठवड्यांपर्यंत लांबते.

कूलरचाही येथे विचार करायला हवा. बीड, जालना, लातूर अशा गावांत उन्हाळाभर खिडकीत कूलर असतो आणि त्याच्याच शेजारचा उजेडाचा कट्टा कॅक्टसला मिळतो. ओल्या हवेचा झोत दिवसरात्र अंगावर घेणारी कुंडी वाळतच नाही. झाड त्या झोतातून बाजूला घ्यावे. त्याहून जास्त होणारी चूक म्हणजे कूलरच्या टाकीत उरलेले पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून कुंड्यांना घालणे. आपल्याकडे बोअरचे पाणी मुळातच जड. कूलरमध्ये त्यातले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे टाकीतले पाणी रोजच्या रोज अधिक खारे होत जाते. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्याचेही तेच. पाणी वाचवण्याची सवय मराठवाड्याला परिस्थितीने लावली आहे आणि ती चांगलीच आहे, पण हे पाणी फरशी पुसायला वापरावे. कुंडीच्या काठावर आणि खोडाच्या बुडाशी पांढरा थर दिसू लागला, की क्षार साचले असे समजावे. एसीच्या नळीतून गळणारे पाणी किंवा गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी क्षारमुक्त असते; दोन-चार कुंड्यांना ते सहज पुरते.

थंडीतले लाड

फुले न येण्याचे उत्तर बहुतेक वेळा डिसेंबरमध्ये सापडते. वर सांगितलेल्या बहुतेक जातींना कळी धरण्यासाठी थंड आणि कोरडी विश्रांती लागते, आणि ती मराठवाड्यात फुकट उपलब्ध आहे. परभणीसारख्या ठिकाणी तर रात्रीचा पारा काही वेळा एक अंकी आकड्यावर उतरतो. कोरड्या मातीतील निरोगी रोप ही थंडी सहज सोसते. आपण मात्र थंडी वाढली म्हणून कुंडी दिवाणखान्यात टीव्हीजवळ आणतो, आठवड्याला पाणी चालू ठेवतो, आणि झाडाला ऋतू बदलल्याचे कळूच देत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कुंडी गार, उजेडाच्या खिडकीत किंवा बंदिस्त गॅलरीत ठेवावी आणि पाणी जवळजवळ बंद करावे. या काळात झाड थोडे आक्रसते, त्याची चकाकी जाते. ते पाहून धीर सोडू नये. मॅमिलेरियाच्या माथ्याजवळ, उंचवट्यांच्या मधल्या पांढऱ्या लोकरीतून टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके एका वर्तुळात दिसू लागले, की त्या कळ्या असतात. त्यानंतर पाणी सुरू करावे, पण पहिल्यांदा अगदी थोडे.

खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा पुरे. शेणखत किंवा युरिया नको, कारण जास्त नत्राने खोड फुगते आणि फुले राहून जातात. शेतीसाठी घरात असलेले ०:५२:३४ हे नत्र नसलेले, स्फुरद आणि पालाशाचे विद्राव्य खत चालते, मात्र लिटरला अर्धा ग्रॅमच.

खिडकीचे गणित

दक्षिणेची खिडकी उत्तम, असे सरसकट सांगितले जाते. डिसेंबरमध्ये ते आपल्याकडेही खरे आहे, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र छत्रपती संभाजीनगरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, नंतर काही आठवडे तो थोडा उत्तरेकडूनच जातो, आणि छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. सावलीत महिनोन्‌महिने राहिलेला कॅक्टस माथ्याकडे फिकट, निमुळता होत उंच वाढतो. हे खोड पुन्हा जाड होत नाही. वर्षभरासाठी पूर्वेची खिडकी सर्वांत भरवशाची. पश्चिमेच्या खिडकीत मार्चनंतर काचेला लागून कुंडी ठेवू नये, कारण तेथे उन्हाने भाजून पडणारे वाळल्या गवताच्या रंगाचे चट्टे कायमचे असतात. सावलीतून उन्हात नेतानाही दोन आठवडे हळूहळू सवय लावावी.

मातीबद्दल थोडक्यात सांगतो. कापसाला मानवणारी आपली काळी माती कॅक्टससाठी सर्वांत वाईट. ती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि वाळताना आकसून बारीक मुळे तोडते. चाळलेला मुरूम, भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिळून तीन भाग आणि जुने गांडूळखत एक भाग, एवढे मिश्रण पुरते. कुंडी भोक असलेली, झाडाच्या घेरापेक्षा बोटभरच मोठी असावी. रोपवाटिकेतून आलेल्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा घट्ट गोळा काढून टाकावा आणि लावणीनंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

खरेदी करताना फूलही तपासून घ्यावे. माथ्याच्या मधोमध बसलेले, कागदासारखे कोरडे, भडक फूल अनेकदा दुसऱ्याच झाडाचे, वाळवून गोंदाने चिकटवलेले असते. पावसाळी हवेत ते मिटते आणि कोरड्या हवेत उघडते, म्हणून जिवंत वाटते. त्याखाली वाढीचा कोंब दबलेला असतो. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ तर दोन झाडांचे कलम आहे: वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, खालचे तिधारी खोड ड्रॅगनफ्रूटच्या कुळातले आहे, आणि तेच दोघांसाठी अन्न बनवते. त्याच्याकडून वर्षानुवर्षांच्या बहराची अपेक्षा ठेवू नये.

कुजणे की म्हातारपण?

बुडाशी तपकिरी रंग दिसला की लोक घाबरून झाड टाकून देतात. आधी पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबून पाहावे. भाग लाकडासारखा टणक असेल तर तो वयाने आलेला सालीचा थर आहे आणि उपचाराची गरज नाही. टोक आत रुतले, पाणी सुटले किंवा आंबूस वास आला, तर ती कूज. अशा वेळी धारदार सुरी स्पिरिटने पुसून, मधल्या गाभ्यातही डाग दिसणार नाही अशा निरोगी भागापर्यंत वर वर कापत जावे, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी, आणि उरलेला माथा सावलीत दहा-पंधरा दिवस वाळू द्यावा. काप कडक झाल्यावर तो कोरड्या वाळूवर टेकवून ठेवला की मुळे फुटतात. पाऊस चालू असेल तर यश कमी मिळते.

काट्यांच्या मुळाशी कापसासारखे पांढरे कण दिसले तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवरून मराठवाड्याला चांगला परिचित असलेला. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा पुसावे आणि त्या दिवशी झाड उन्हात ठेवू नये. वर काहीच दिसत नसूनही झाड निस्तेज असेल, तर कुंडी उपडी करून मुळे पाहावीत, कारण ही कीड मातीतही राहते.

शेवटची चूक सर्व कॅक्टसना एकाच नियमात बसवण्याची आहे. चपट्या, जोडलेल्या पानांसारख्या खोडांचा ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या दमट डोंगरी जंगलातील झाडांवर वाढतो. त्याला कोवळी सावली आणि किंचित ओलसर, भुसभुशीत माती लागते. त्याची कळी धरते ती लांब रात्रींमुळे, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवा जळणाऱ्या खोलीत तो फुलत नाही, आणि कळ्या आल्यावर त्याची जागा बदलली तर त्या गळून पडतात.