उद्यानातल्या मोफत साप्ताहिक धावेत पहिल्यांदा जाताना

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी जवळच्या उद्यानात किंवा मैदानात जमायचे, सर्वांनी मिळून पाच किलोमीटर धावायचे, त्यासाठी कोणी पैसे घ्यायचे नाहीत आणि पहिल्या येणाऱ्याला पदकही द्यायचे नाही, अशा या धावेबद्दल मी ओळखीपाळखीच्या लोकांना सांगते तेव्हा निम्म्याहून अधिक जण एकच उत्तर देतात : ‘जरा तयारी झाली की येतो.’ हे उत्तर देणारी बहुतेक माणसे नंतर कधीच येत नाहीत, म्हणून माझी पहिली सूचना अशी की तयारी न करताच यावे. पाच किलोमीटर धावणे जमत नसेल तर चालावे. रोज दादरचा पूल चढून-उतरून गाडी पकडणाऱ्या माणसाला हे अंतर तासाभरात चालून जाते आणि तासाभराने पोहोचणाऱ्याचीही वेळ टिपून घेणारा माणूस शेवटच्या रेषेवर उभाच असतो.

ही पद्धत मूळची इंग्लंडची. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी अशी पहिली धाव भरवली. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला तेव्हा धावता येत नव्हते. त्या दिवशी १३ जण धावले आणि ५ स्वयंसेवकांनी व्यवस्था पाहिली. पुढे त्यातूनच ‘पार्करन’ ही चळवळ अनेक देशांत पसरली. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, नाव एकदाच नोंदवायचे, शुल्क नाही, आणि सगळे काम स्वयंसेवकांनी करायचे, एवढाच तिचा सांगाडा आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या ज्या गटात मी जाते तो त्या संस्थेची शाखा नव्हे. आम्ही फक्त कल्पना उचलली आणि शनिवारी अर्ध्या मुंबईला कामावर जायचे असते म्हणून वार तेवढा रविवार केला.

आपल्या भागात असा गट आहे का, हे शोधण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे रविवारी सकाळी सहाच्या सुमारास जवळच्या मैदानावर जाऊन उभे राहणे. पायात धावण्याचे बूट आणि मनगटावर घड्याळ असलेली पाच-सहा माणसे घोळक्याने दिसली की त्यांना विचारावे. माहिती द्यायला ती उत्सुकच असतात, किंबहुना आवरा म्हणावे लागते. चौकशी करताना दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचाराव्यात. एक म्हणजे ‘मोफत’ याचा अर्थ खरोखर मोफत आहे, की तिसऱ्या आठवड्यात टी-शर्टचे आणि प्रशिक्षणाचे पैसे मागितले जाणार आहेत. दुसरी म्हणजे सर्वात शेवटी येणाऱ्याच्या सोबत कोणी असते की नाही. ज्या गटात शेवटचा माणूस पोहोचण्याआधीच बाकीचे चहाला निघून जातात, तो गट चांगल्या धावपटूंसाठी ठीक असेल, पण नवख्या माणसासाठी नाही.

जागेप्रमाणे धावेचा स्वभाव बदलतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची असल्याने चार फेऱ्या आणि वर थोडे अंतर मिळून पाच किलोमीटर होतात, आणि दर फेरीला ओळखीचे चेहरे पुन्हा दिसत असल्यामुळे दमलेल्या माणसाला हे मैदान फार मानवते. थांबायचे असेल तर कुठेही कट्ट्यावर बसता येते, हा फायदा वेगळाच. मरीन ड्राइव्ह सरळ आणि सपाट आहे, वाराही असतो, परंतु समोरचे टोक सतत दिसत राहते आणि जवळ येत नाही, त्यामुळे पहिल्या खेपेस ते अंगावर येते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सावली आणि चढउतार यांमुळे सगळ्यांत सुंदर, पण तिथे प्रवेशाचे तिकीट किंवा पास लागतो आणि बिबट्यांचे घर असल्यामुळे अंधारात, एकट्याने किंवा आडवाटेने धावण्याची ती जागा नव्हे. जुहूच्या वाळूत धावायचे असेल तर ओहोटीची वेळ पाहून ओल्या, घट्ट वाळूवरच धावावे.

आदल्या रात्रीची तयारी फार नसते. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. सुती बनियन किंवा टी-शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटतो आणि काखेत, मांड्यांना घासून कातडी सोलवटते. लवकर वाळणारे कपडे असतील तर ते घालावेत, नसतील तर घासणाऱ्या जागी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. आमच्याकडे एक काकू नऊवारी नव्हे पण पाचवारी साडी खोचून, खाली पांढरे बूट घालून येतात आणि अर्ध्या लोकांच्या पुढे असतात, तेव्हा पोशाखावरून संकोच करण्याचे कारण नाही. सकाळी उठल्यावर एक-दीड पेला पाणी आणि एखादे केळे पुरते. सामान ठेवण्याची सोय कुठेही नसते, म्हणून घराची एक किल्ली बुटाच्या नाडीत बांधावी आणि लागेल तेवढेच पैसे जवळ ठेवावेत. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाची धाव अंधारातच सुरू होते. त्या दिवसांत फिकट रंगाचे कपडे घालावेत.

लांबून येणाऱ्यांनी लोकलचे रविवारचे वेळापत्रक पाहून निघावे, आणि मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणे, बहुधा दहा-अकरानंतर सुरू होत असल्याने येण्याचा नव्हे, परतीचा विचार आधी करून ठेवावा. दादर स्थानकाच्या पश्चिमेकडून शिवाजी पार्कपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे आणि ती भरभर चालली की वॉर्म-अप वेगळा करावा लागत नाही.

मैदानावर पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, कारण सुरुवातीच्या सूचना चुकवू नयेत. मार्ग कोणता, किती फेऱ्या, खणलेला भाग कुठे आहे, आज पहिल्यांदा कोण आले आहे, हे सगळे त्या दोन-तीन मिनिटांत सांगितले जाते. शिवाजी पार्क २०१० पासून शांतता क्षेत्र असल्याने आमच्याकडे कर्णा नाही, शिट्टी नाही. सूचना तोंडी आणि हळू आवाजात दिल्या जातात, त्यामुळे मागे उभे राहून गप्पा मारणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. मधुमेह, दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच यावे आणि आल्यावर संयोजकांना न लाजता सांगावे. मधुमेह्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

सुरुवात करताना मागे उभे राहावे. नवखा माणूस हटकून एकच चूक करतो : पहिल्या पाचशे मीटरमध्ये तो शाळेतल्या शर्यतीसारखा सुटतो आणि दुसऱ्या फेरीत कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. वेग ठरवण्यासाठी घड्याळाची गरज नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर तो जास्त आहे. सुरुवातीला एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम धरला तरी पाच किलोमीटर सहज पार पडतात, आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी चालण्याची मिनिटे कमी करत जावे. घाम वाळला तर अंग थंड होते. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे पुण्याला किंवा नाशिकला ज्या वेगाने धावता येते तो इथे राखण्याचा हट्ट धरू नये, ऑक्टोबरमध्ये तर मुळीच नाही. चक्कर येणे, उन्हातही अंगावर शहारे येणे, बोलताना अडखळणे, यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबून सावलीत बसावे आणि जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारावी. छातीत दुखत असेल तर चर्चा न करता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

मैदान आपल्या एकट्याचे नाही, हे धावणाऱ्यांना वारंवार सांगावे लागते. कट्ट्यालगत तीस-चाळीस वर्षे रोज फिरणारी मंडळी आपल्या आधीपासून तिथे आहेत. ‘साइड, साइड’ असे ओरडत त्यांच्या मागून जाणे उद्धटपणाचे दिसते, आणि ऐकू कमी येणारे आजोबा दचकून नेमके त्याच बाजूला वळतात. ‘काका, उजवीकडून येतोय’ एवढे म्हणून, थोडे लांबून पुढे जावे. तिघा-चौघांनी हातात हात घातल्यासारखे एका ओळीत धावू नये. अकरा वर्षांखालच्या मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावे. क्रिकेटच्या नेटच्या बाजूने जाताना लक्ष चेंडूकडे असावे, फोनकडे नव्हे.

शेवटच्या रेषेवरचे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढेमागे ते तुम्हालाही करावे लागेल. रेषा ओलांडली की वेळ घेणारा फोनवरचे बटण दाबतो. पलीकडे दोन दोऱ्यांमधली अरुंद वाट असते. तिच्यातून आल्या क्रमानेच पुढे जायचे, कोणाला ओलांडायचे नाही. वाटेच्या टोकाला क्रमांक लिहिलेला बिल्ला मिळतो. पार्करनमध्ये त्या बिल्ल्याचा आणि धावणाऱ्याचा बारकोड एकापाठोपाठ स्कॅन करतात. आमच्याकडे बिल्ल्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्या आहेत आणि स्कॅनरऐवजी एक शंभर पानी वही आहे. तुम्ही काडी देता, वहीवाला तिच्या क्रमांकापुढे तुमचे नाव लिहितो. पंधरावी वेळ आणि पंधरावी काडी एकाच माणसाची, या एका गृहीतकावर सगळा निकाल उभा असतो.

काड्या वाटण्याची पहिली पाळी माझ्यावर आली त्या रविवारी एक गृहस्थ रेषा ओलांडून, काडी घेऊन, मागे राहिलेल्या मुलीला आणायला वाटेतून उलटे गेले आणि तिच्यासोबत पुन्हा आत आले. वेळ घेणाऱ्याने त्यांना ओळखले आणि बटण फक्त मुलीसाठी दाबले. मी गडबडीत दोघांच्याही हातात काडी ठेवली. परिणाम असा झाला की तिथून पुढे प्रत्येकाच्या नावावर आपल्या मागून आलेल्याची वेळ लागली आणि सर्वात शेवटी आलेल्या बाईंना वेळच उरली नाही. वाटलेल्या काड्या ५८, टिपलेल्या वेळा ५७ आणि वहीत ३१ क्रमांकापुढे रिकामी जागा, हे कोडे सुटेपर्यंत इडल्या गार झाल्या. तेव्हापासून आम्ही दर दहाव्या काडीला वेळ घेणाऱ्याला मोठ्याने आकडा विचारतो आणि तो वहीत लिहून ठेवतो, म्हणजे चूक झालीच तर ती दहा जणांच्या आत सापडते. धावणाऱ्याने आपल्या बाजूने एवढेच पाळावे की एकदा रेषा ओलांडली की मागे फिरायचे नाही. मुलाला किंवा मैत्रिणीला सोबत करायची असेल तर दोरीच्या बाहेरून जावे.

चार-पाच वेळा धावून झाले की एक रविवार स्वयंसेवक म्हणून द्यावा, आणि शक्यतो शेवटच्या माणसाबरोबर चालण्याचे काम मागून घ्यावे. आमच्यात त्याला प्रेमाने ‘शेपूट’ म्हणतात. त्याने कधीही पुढे जायचे नाही, शेवटच्या माणसाला घाई करायची नाही आणि आपल्या मागे मार्गावर कोणी उरलेले नाही याची खात्री करूनच रेषा ओलांडायची. हे काम करताना लोक स्वतःहून बोलतात आणि धावेत कोण कशासाठी येते हे मला तिथेच कळले.

पावसाळ्यात धाव बंद नसते, पण नियम बदलतात. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते, तेव्हा वळणावर वेग कमी करावा. साचलेल्या पाण्यातून धावू नये. पायाला चीर किंवा जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो, आणि नाइलाजाने पाण्यातून जावेच लागले तर पाय साबणाने धुऊन डॉक्टरांना विचारावे. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर धाव रद्द झाल्याचा निरोप येण्याची वाटही न पाहता घरी थांबावे, कारण जुन्या झाडांच्या फांद्या अशाच दिवशी पडतात. हिवाळ्यात मात्र वारा पडतो आणि धूर-धूळ जमिनीलगत साचून राहते. हवेची प्रदूषण पातळी दाखवणाऱ्या ‘समीर’ या सरकारी ॲपवर हवेची पातळी वाईट दिसली तर धावण्याऐवजी चालावे आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तो आठवडा सोडावा.

निघण्यापूर्वी खिसे तपासावेत. ३१ क्रमांकाची काडी त्या गृहस्थांच्या विजारीबरोबर धुतली गेली आणि पुढच्या रविवारी त्यांनी ती परत आणली तेव्हा तिच्यावरचा आकडा जेमतेम वाचता येत होता. हल्ली आम्ही मार्करने आकडे लिहून वरून रंगहीन नेलपॉलिशचा एक हात देतो.