प्रेमप्रसंग तेच ते होत असतील तर

नायिका दर प्रकरणात लाजते, नायक बघतच राहतो. प्रेमकथा लिहिणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी. लोकलचा प्रवास इथे कामी येतो.

जनरल डब्यातल्या जोडप्यांचे चेहरे सोडा, हात बघा. गर्दीत तिची बॅग कोण धरतं, तिघांच्या बाकावरची चौथी सीट कोण कुणाला देतं, इयरफोनचं दुसरं टोक कुणाच्या कानात आहे. उतरण्याआधी मोबाइलमध्ये एकच ओळ टिपा, विशेषणाशिवाय. ‘दादर गेलं, तो उतरला नाही’ एवढं पुरे.

लिखाण अडलं की कोरं पान उघडून बसू नका. यातली एक ओळ उचला आणि पुढे पाच वाक्यं रेटा. टुकार आली तरी चालतील, खोडायला काही तरी लागतंच.

फोटो मात्र काढू नका. कथेत माणसं ओळखू येणार नाहीत इतका तपशील बदला.