अमेंडमेंट हा शब्द नेमका कधी आणि कसा वापरायचा

बऱ्याच जणांना अमेंडमेंट म्हणजे नुसता बदल वाटतो आणि मग मीटिंगची वेळ पुढे गेली तरी मेलमध्ये अमेंडमेंट लिहून मोकळे होतात. तसं नाहीये. करार, कायदा, नियमावली असं काहीतरी आधीच लेखी ठरलेलं असतं आणि त्यात रीतसर बदल केला जातो, त्याला अमेंडमेंट म्हणायचं. मराठीत दुरुस्ती किंवा सुधारणा, घटनेतली असेल तर घटनादुरुस्ती.

म्हणून आधी बघा की मूळ कागद पुढे चालू राहणार आहे का. तो अख्खा रद्द करून नवा केला तर ती अमेंडमेंट नाही. टायपिंगची चूक काढली तर साधं करेक्शन म्हणा. आणि दुरुस्ती म्हणजे काहीतरी चुकलेलंच होतं असं नाही हां, नवीन घालणं, काढणं, बदलणं तिन्ही यात येतं. अमेरिकेच्या घटनेत अठराव्या दुरुस्तीने दारूबंदी आणली आणि 1933 मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने ती उठवली, म्हणजे दुरुस्ती रद्द करायलाही दुरुस्तीच लागली! मला हे उदाहरण फार आवडतं, कारण शब्दाचा सगळा अर्थ त्यात येतो.

आता वाक्यात कसा वापरायचा. अमेंड हे क्रियापद, ते थेट येतं, ‘अमेंड द ॲग्रीमेंट’. अमेंडमेंट हे नाम, त्याच्यापुढे शक्यतो टू, ‘ॲन अमेंडमेंट टू द ॲग्रीमेंट’. इथे ‘इन’ घालायची सवय आपल्याला मराठीतल्या ‘मध्ये’मुळे लागते, ती मोडा.

करारात लिहायची वेळ आली तर आधी मूळ कराराचं नाव आणि तारीख टाका, मग कलमाचा नंबर, मग जुने शब्द आणि नवे शब्द दोन्ही. जसं की, ‘कलम 5 मधील 30 दिवस याऐवजी 45 दिवस असे वाचावे, बाकी सर्व अटी कायम राहतील.’ ही शेवटची ओळ लोक हमखास विसरतात आणि नंतर वाद तिथूनच सुरू होतात, त्यामुळे ती घालाच. खाली तारीख आणि दोन्ही बाजूंच्या सह्या.

एक शब्द मात्र वेगळा ठेवा, ‘मेक अमेंड्स’. तिथे कागदाचा काही संबंध नाही, कुणाला दुखावलं असेल तर ते भरून काढणं असा त्याचा अर्थ आहे.