कॅन्सर आणि अपंगत्व पेन्शन: अर्जाआधी वही घ्या

माझे बाबा ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, १७ वर्षं व्हेइकल मेकॅनिक होते. २०१६ मध्ये निवृत्त होऊन आर्वीजवळ शेती करू लागले आणि चार वर्षांत रक्ताचा कॅन्सर निघाला. अपंगत्व पेन्शनचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण मी फक्त बोनमॅरो आणि केमोचे कागद जोडले होते. कॅन्सर आहे हे सगळ्यांनाच मान्य होतं. तो नोकरीमुळे झाला का, हे मी कुठंच दाखवलं नव्हतं.

म्हणून आधी वही घ्या. माणूस बोलू शकतो तोवर विचारा: कुठल्या साली, कुठल्या वर्कशॉपमध्ये, हाताशी काय असायचं? बाबा सहज म्हणाले, "पोरी, आमी त हातबी पेट्रोलनंच धुत होतो." पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचं रसायन असतं आणि बेंझिनमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. हाच दुवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रंही जोडा.

मग सैनिकांच्या सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज, बाबांच्याच सहीनं, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह. भरतीची वैद्यकीय तपासणी, सगळ्या पोस्टिंग आणि निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाचे कागद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

लोक २०१३ चा धरमवीर सिंग निकाल दाखवतात. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे आजारामुळेच सेवेतून काढलं, तर तो सेवेमुळे झाला असं धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं. पण निवृत्तीनंतर निघालेल्या आजाराला तेवढ्यावर विसंबू नका, संबंध आपणच दाखवायचा.

अर्ज भरायला एजंटला पैसे देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हेच काम करतं. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) सोबत न्या. उपचार ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर चालू ठेवा, पेन्शनच्या निर्णयासाठी थांबू नका.

नकार आला तर पत्राचा लिफाफासुद्धा जपा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं आणि पत्र कधी हातात पडलं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून कळतं. तिथंही नाही झालं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण.

आमचं अपील गेलंय. वही अजून चालू आहे. काल २००४ चं बारमेरचं पोस्टिंग निघालं: धुळीच्या वादळात दारं लावलेली शेड आणि आत चालू इंजिनं.