बागेतलं मशीन आणि करंट : या चुका टाळा

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की कोल्हापुरात गवत असं वाढतंय की विचारू नका, आणि मग उद्यमनगरात माझ्या टेबलावर ग्रास कटर, हेज ट्रिमर, लॉन मोव्हर यांची रांग लागते. गिऱ्हाईक दारातनंच सांगतंय, "दादा, गाडी चालूच ठेवलीय, पाच मिनिटात वायर तेवढी जोडून द्या की." मी जोडत नाही. नवीन वायर टाकतो, पटलं तर ठीक, नाहीतर मशीन घेऊन जावा.

आधी अर्थिंगवर बोलतो, कारण माझं डोकं तिथंच फिरतंय. थ्री पिनमधली ती लांब, जाड पिन शोभेला दिलेली नाही. प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून ती लांब असते. आपली माणसं ती पकडीनं मोडतात, का तर घरातलं एक्स्टेन्शन टू पिनचं आहे. ज्या मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतंय त्याला डबल इन्सुलेशन असतंय, त्याला अर्थ लागत नाही, ते सोडा. पण पत्र्याच्या बॉडीचा मोव्हर असेल तर अर्थिंग पायजेच.

दोन वर्षांमागं कळंब्याकडच्या एका बंगल्यातनं असाच मोव्हर आला, काका म्हणाले करंट मारतोय. मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघितला, मशीन एकदम क्लीन. मग संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, पोर्चमधला सॉकेट उघडला तर आत दोनच वायरी, फेज आणि न्यूट्रल, आणि अर्थच्या जागी न्यूट्रलवरनंच एक बोटभर तुकडा मारलेला. वायरमननं म्हणे फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला होता, बल्ब लागतोय म्हणजे अर्थिंग ओके. अहो लागणारच की, तो न्यूट्रलवर लागतोय! असलं जुगाड वर्षभर गप पडून असतंय. त्या दिवशी मागच्या जंक्शन बॉक्समधला न्यूट्रल ढिला होऊन सुटला, मोव्हर बंद पडला, काकांना वाटलं लाईट गेली, स्विच तसाच चालू आणि हे पात्यात काय अडकलंय बघायला वाकले. फेज मोटरीतनं फिरून त्या बोटभर तुकड्यावरनं सरळ बॉडीवर आलेला, एक हात मशीनवर आणि कोपर कंपाउंडच्या लोखंडी ग्रिलला. मागं फेकले गेले म्हणून वाचले.

मी विचारलं, ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच, कुठाय? तर तो पावसाळ्यात सारखा पडायचा म्हणून काढून सरळ केला होता. का पडायचा? गार्डन लाईटच्या फिटिंगमध्ये पाणी भरलेलं. कुत्रं भुंकतंय म्हणून चोर न शोधता कुत्र्यालाच हाकलल्यासारखं झालं हे.

वर परत "एमसीबी आहे की आमच्याकडं" हे आहेच. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतोय, तुमच्यासाठी नव्हे. एका अँपिअरच्या विसाव्या भागात, म्हणजे 50 मिलीअँपिअरमध्ये, हृदय थांबू शकतंय, तेवढ्यानं एमसीबी हलत पण नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो. तेवढी गळती झाली की तो 300 मिलीसेकंदांच्या आत लाईन तोडतोय. त्याच्यावर टेस्टचं बटण असतंय, ते मी दर अमावस्येला दाबतो. तारीख लक्षात राहत नाही, दुकानात नारळ फोडायचा दिवस मात्र राहतोय. बटण दाबून पडला नाही तर बदला. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तो पण काय करू शकत नाही, त्याला ते लोडच वाटतंय.

एक्स्टेन्शनचं सांगतो. टीव्हीमागचा बोर्ड काढून बागेत न्यायचा नाही. 1600 वॅटचा मोव्हर 7 अँपिअर ओढतोय, 0.75 चौरस मिलीमीटरची 50 मीटर वायर लावली तर 18 व्होल्ट वाटेतच गेले आणि सव्वाशे वॅट वायरीतच तापले, त्यात निम्मी वायर रीळावर गुंडाळलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठं. माझ्याकडं अशी रीळं येतात, आतले वेढे एकमेकांना चिकटून एक गोळा झालेला. 1.5 ची थ्री कोअर, म्हणजे आत तीन तारा असलेली, घ्या आणि सगळी उलगडून पसरा. महाग पडते, होय, पडते.

जॉइंटला टेप मारून वर दुधाची पिशवी बांधणारे, तुमच्याशी मी बोलत नाही. गवत ओलं असेल तर इलेक्ट्रिक मशीन काढू नका, दोन दिवस ऊन पडू दे. स्लिपर घालून तर अजिबात नको, बूट घाला. एमएसईबीच्या, म्हणजे आताच्या महावितरणच्या, लाईनजवळची आंब्याची फांदी असेल तर ॲल्युमिनियमची शिडी लावायची नाही, ऑफिसला कळवायचं, यायला वेळ लागला तरी.

राहिली कापलेली वायर. हेज ट्रिमरनं स्वतःचीच वायर कापणं हा पहिल्या आठवड्यातला ठरलेला कार्यक्रम, आणि कापली की माणूस पहिल्यांदा काय करतंय तर ती उचलून बघतंय! हात लावू नका. आधी बोर्डाकडं जाऊन प्लग उपसा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण कित्येक बोर्डात स्विच न्यूट्रलवर मारलेला असतोय, मग स्विच बंद असला तरी फेज त्या तुकड्यापर्यंत येऊन बसलेलाच असतोय. मी वायर खांद्यावरनं पाठीमागं टाकतो आणि बोर्डाजवळनं कापायला सुरू करून लांब लांब जातो, म्हणजे वायर कायम कापून झालेल्या बाजूला. पातं साफ करायचं असलं की ट्रिमरची ती वीतभर वायर एक्स्टेन्शनमधनं काढून प्लग डोळ्यासमोर ठेवतो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून खिशात, पातं त्याचं पण बोट ओळखत नाही.