अवघड सुडोकू अंदाज न मारता कसं सोडवायचं

अवघड सुडोकूत सुरुवातीचे पाच-दहा अंक पटापट बसतात आणि मग गाडी अडते. बहुतेक जण तिथे 'इथे ४ नाहीतर ७, चला, ४ टाकून बघू' असं करतात. तो ४ चुकला असला तरी लगेच कळत नाही. बरीच घरं भरून झाल्यावर एका ओळीत दोन ९ येतात, आणि तोवर कुठलं घर खात्रीचं आणि कुठलं अंदाजाचं याचा पत्ता राहत नाही. अडल्यावर नवा अंक शोधू नका. एखाद्या घरातून न चालणारा अंक खोडता येतो का, ते बघा.

छापलेले अंक कमी म्हणून घाबरूही नका. १७ पेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेलं कोडं बनत नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर तपासून दाखवलं. पण १७ अंकांची सोपी कोडी असतात आणि २८ अंकांची छळणारीही.

वर्तमानपत्राचा कागद दोनदा खोडरबर फिरवला की फाटतो. म्हणून अवघड कोडं वहीत मोठं करून उतरवा, एकेक घर दीड-दोन सेंटिमीटरचं. पेन्सिलला टोक हवं.

पहिल्या फेरीत १ ते ९ पर्यंत एकेक अंक घ्या आणि ३×३ च्या नऊही चौकोनांत तो कुठे बसू शकतो ते पाहा. एकच जागा असेल तर लिहून टाका. नेमक्या दोन असतील तर त्या दोन घरांत तो अंक बारीक लिहून खूण करा. तीन किंवा जास्त असतील तर काहीच लिहू नका. सुरुवातीलाच सगळ्या घरांत सगळे अंक कोंबले की पुढचं काही दिसत नाही.

या जोडखुणा लगेच कामाला येतात. डावीकडच्या वरच्या चौकोनात ५ ला दोनच जागा आहेत आणि दोन्ही पहिल्या ओळीत आहेत, असं समजा. ५ कुठल्याही घरात गेला तरी पहिल्या ओळीचा ५ याच चौकोनात संपला. म्हणजे त्या ओळीच्या उरलेल्या सहा घरांत ५ नाही.

एवढ्याने सुटलं नाही, तर आता प्रत्येक रिकाम्या घरात चालणारे सगळे अंक लिहा. प्रत्येक अंकाची जागा ठरलेली ठेवा, फोनच्या बटणांसारखी: १ वर डावीकडे, ५ मधोमध, ९ खाली उजवीकडे. मग न वाचताही जोड्या डोळ्यांत भरतात.

एका ओळीत दोन घरांत फक्त ३ आणि ८ उरले असतील, तर ओळीतल्या बाकीच्या घरांतून ३ आणि ८ खोडा. ही उघडी जोडी. लपलेली जोडी याच्या उलट, आणि तीच जास्त निसटते: एका स्तंभात २ आणि ६ दोनच घरांत येतात, पण त्या घरांत २-४-६-९ आणि १-२-६ अशी गर्दी आहे. ही दोन घरं २ आणि ६ नेच भरणार, म्हणून त्यांतले ४, ९ आणि १ काढून टाका.

यानंतर एक्स-विंग. एकच अंक धरा, समजा ७. दुसऱ्या ओळीत ७ फक्त तिसऱ्या आणि आठव्या स्तंभात चालतो. सहाव्या ओळीतही नेमक्या त्याच दोन स्तंभांत. एका ओळीचा ७ तिसऱ्या स्तंभात गेला तर दुसरीचा आठव्यात जाणार. दोन्ही स्तंभांचे ७ या दोन ओळींनी वापरले, तेव्हा त्या स्तंभांच्या इतर घरांतून ७ खोडा. इथे फसगत ठरलेली: चार कोपऱ्यांत ७ दिसला की लोक खोडायला धावतात, पण दोनपैकी एका ओळीत ७ ला तिसरी जागा असते. ती असेल तर हा नियम लागूच होत नाही.

तेही नसेल तर दोन-दोन अंकांची तीन घरं शोधा. पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात १-४, त्याच ओळीच्या नवव्या घरात ४-६, आणि पाचव्याच स्तंभात वर, दुसऱ्या ओळीत, १-६. मधल्या घरात १ आला तर वरच्यात ६ येतो. ४ आला तर उजवीकडच्यात ६ येतो. कसंही झालं तरी दोघांपैकी एकात ६ आहेच. म्हणून दोघांच्याही टप्प्यात येणाऱ्या घरात, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या नवव्या घरात, ६ नाही. याला एक्सवाय-विंग म्हणतात. हा अंदाज नव्हे, कारण दोन्ही वाटांनी निष्कर्ष एकच निघतो.

एक जरी अंक खोडला गेला, तरी पुन्हा सोप्या तपासणीपासून सुरुवात करा. अवघड युक्तीनंतर बहुधा साधंच घर उघडतं. आणि अंक भरला की त्याची ओळ, स्तंभ आणि चौकोन मिळून २० घरांतली त्याची खूण तेव्हाच खोडा. 'युक्ती चुकली' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा अशीच एखादी खूण खोडायची राहिलेली असते.

एक्स-विंग किंवा त्यापुढचं काही वापरण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. एका ओळीत दोन सारखे अंक आले तर चूक शोधत मागे जाऊ नका, ती क्वचितच सापडते. फोटोतले भरलेले अंक छापील अंकांशी ताडून पाहा, खुणा नव्याने लिहा आणि तिथून पुढे चला.