आधी टायर ठरवा, लिफ्टचं नंतर बघू

पावसाळा तोंडावर आला की आपल्या इंदूरात ज्याच्या दारात थार, जिमनी नाहीतर गुरखा उभी आहे त्याला गाडी उंच करायची हुक्की येतेच, आणि प्रश्न पण ठरलेला, "भिया, किती इंच लिफ्ट मारू?" अरे पण हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न टायर कुठला, आणि त्याच्याही आधी गाडी नक्की जाणार कुठे. लिफ्ट ही टायरला जागा करून द्यायला असते, टायर छोटेच ठेवून नुसती गाडी उंच केली तर ती दिसते भारी पण जिथे अडकत होती तिथेच अडकते.

का ते सांगतो. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, थारला तसा फक्त मागे. या एक्सलच्या मधला जो डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचा गोळा असतो तोच बहुतेक वेळा दगडाला आपटतो, आणि तो जमिनीपासून किती वर आहे हे फक्त टायरवर ठरतं. स्प्रिंग उंच टाकली की चेसिस वर जाते, बंपर वर जातो, पोट वर जातं, गोळा मात्र आहे तिथेच. टायर २ इंच मोठा केला तर एक्सल १ इंच वर जातो, म्हणजे वाढीच्या निम्मा, कारण एक्सल टायरच्या मधोमध असतो. लिफ्टने चढायचा आणि उतरायचा अँगल सुधारतो, गाडीचं पोट बांधावर टेकत नाही, हे फायदे खरेच आहेत, पण दगड-धोंड्यातला क्लिअरन्स टायरकडूनच येतो.

आता टायरवर लिहिलेले आकडे. थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ येतो. २५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १८ इंचाचा रिम. २५५ चे ६५ टक्के साधारण १६६, वर आणि खाली मिळून ३३१, रिमचे ४५७, एकूण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंचाला चिकटून. थारच्याच १६ इंची रिमवाल्या मॉडेलचा २४५/७५ आर १६ काढून बघा, ७७४ येतो, साडेतीस इंच. जिमनीचा १९५/८० आर १५ येतो ६९३, सव्वासत्तावीस इंच. दुकानदार "३३ चा टायर बसेल" म्हणाला की त्याच्यासमोरच मोबाइलवर हे गणित करा, कारण ३३ म्हणून विकलेले बरेच टायर प्रत्यक्षात साडेबत्तीसच्या आसपास निघतात, २८५/७० आर १७ घ्या ना, ८३१ मिलिमीटर, ३३ ला थोडा कमीच.

मग कुठे जाणार ते बघा. आपल्या आसपास जमीन तीन प्रकारची भेटते. पहिली माळव्याची काळी माती, सिमरोल-चोरलकडे शेतातून जाणाऱ्या गाडीवाटांवर पाऊस पडला की जी होते ती. ही माती टायरच्या नक्षीत अशी भरते की पन्नास पावलांत चांगला ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारा) टायर पुरणाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होऊन जातो, मग इंजिन कितीही ओरडू दे, चाक जागेवर फिरतं. इथे मोठ्या खाचांचा मड टेरेन टायर उपयोगी, कारण चाकाला थोडा वेग दिला की त्याच्या खाचांतून माती बाहेर फेकली जाते. आणि बऱ्याच वाटांवर वीतभर चिखलाखाली मुरूम असतो, तिथे उंच आणि अरुंद टायर चिखल कापून खाली घट्ट जमिनीला लागतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. लोक रुंद टायरच्या मागे का असतात मला आजवर कळलं नाही, फोटो चांगला येतो एवढंच असावं.

दुसरी जमीन म्हणजे दगड. पातालपाणी, जानापाव, जाम गेटच्या उताराकडे काळा कातळ आहे, फुटला की धारेचा फुटतो आणि साइडवॉल कापतो. इथे नक्षीपेक्षा साइडवॉल मजबूत पाहिजे, म्हणून टायरवर एलटी (लाइट ट्रक) लिहिलंय का बघा, आणि रिम छोटा, टायरचं रबर जास्त असा विचार करा. १८ चा रिम काढून १७ किंवा १६ चा घातला तर त्याच उंचीत साइडवॉल जाड मिळते, हवा कमी केल्यावर ती दगडाभोवती दबते, पकड मिळते आणि रिमही वाचतो. फक्त ब्रेकचा कॅलिपर आत मावतोय ना ते आधी रिम लावून फिरवून बघा, पैसे दिल्यावर नाही. तिसरी जमीन वाळू, खाली निमाडात नर्मदाकाठी. तिथे रुंदीचा थोडा फायदा आहे, पण खरा फायदा हवा कमी करण्यात. रस्त्याला ३२ पीएसआय असेल तर वाळूत १८ पर्यंत आणा, टायर जमिनीवर लांब पसरतो. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, टायर रिमवरून उतरतो. आणि छोटा कंप्रेसर सोबत नसेल तर हवा काढूच नका, परत डांबरावर अशा टायरने वेगात घरी येणं धोक्याचं आहे.

पण प्रामाणिकपणे विचार करा, तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस बायपासवर आणि ऑफिसच्या पार्किंगमध्येच आहे ना? मग मड टेरेन घेऊ नका. ८० च्या स्पीडला तो इतका घोंघावतो की घरातले दुसऱ्यांदा बसायला नाही म्हणतात, ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो, आणि झिजतो पण लवकर. चांगला ऑल टेरेन घ्या, मूळ साइजच्या एक पायरी वर, आणि लिफ्टचा विषय तिथेच संपवा. जिमनीला १९५/८० च्या जागी २१५/७५ आर १५ घातला तर उंची फक्त १० मिलिमीटर वाढते, लिफ्ट लागत नाही, आणि ऑल टेरेनमध्ये निवडायला बरंच काही मिळतं. माझ्या मते इंदूरच्या निम्म्या गाड्यांना एवढंच पुरेसं आहे. टायर बदलताना लोड इंडेक्स मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका, १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. दुकानात हा आकडा कोणी स्वतःहून सांगत नाही.

त्याच्यापुढे जायचंच असेल तर आता मोजमाप. गाडी सपाट जागी लावा, टेप घ्या, चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. लिफ्ट किती झाली ते नंतर याच आकड्यावरून कळतं, किटच्या डब्यावर २ इंच लिहिलेलं असलं तरी हार्ड स्प्रिंग आणि रिकामी गाडी असेल तर जास्त येतं आणि मागे सामान, स्टील बंपर असेल तर कमी. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि टायरच्या मागे हात घालून बघा, आतल्या बाजूला चेसिसपासून आणि पुढच्या बाजूला बंपरच्या प्लास्टिकपासून किती बोटं जागा आहे. खरी परीक्षा मात्र सपाटीवर होत नाही. मुरमाचा ढीग किंवा उंच वरंबा शोधा, एक पुढचं चाक त्यावर चढवा म्हणजे ते पूर्ण वर दाबलं जाईल, आणि त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मुलांची खेळायची क्ले असते ना, तिचे लाडू करून चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला दोन-तीन ठिकाणी चिकटवून टाका, चाक वर आलं की क्ले दबते, नंतर तिची जाडी मोजली की कळतं तिथे नेमकी किती जागा उरली. नव्या टायरची त्रिज्या जेवढी वाढणार त्यापेक्षा ही जागा कमी असेल तर तो टायर घासणार, आणि घासेल ते वरंब्यावर घासेल, शोरूमबाहेर नाही, म्हणून तर लोक फसतात.

रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम जिथे हबला टेकतो ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो पण इथेच येतो. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं, आत चेसिसला घासत नाही पण वळताना मोठा गोल फिरतं आणि पुढे बंपरला, मागे मडगार्डला लागतं. शिवाय बेअरिंगवर ताण, आणि चिखल थेट दारावर उडतो.

जागा कमी पडली तर तेवढीच लिफ्ट करा, आणि कशी करायची ते गाडीवर आहे. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपसारख्या पाट्याच्या गाडीला एक पाटा वाढवला किंवा शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) लांब केला की काम होतं, फक्त शॅकल २ इंच लांब केला तर गाडी १ इंचच वर येते हे लक्षात ठेवा, आणि पुढच्या बाजूला लांब शॅकल घातला की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाच्या आसाचा मागचा कल, बिघडतो, स्टिअरिंग सैल, भटकं होतं. कॉइल स्प्रिंगवर दोन रस्ते, स्प्रिंगला नुसता स्पेसर (ठोकळा) टाकायचा किंवा पूर्ण स्प्रिंग आणि शॉकअपचा सेट बदलायचा. स्पेसर स्वस्त, पण शॉकअप जुनाच राहिला तर खड्ड्यात चाक खाली सुटताना शॉकअपचीच लांबी संपते आणि तो ठोका खातो, काही महिन्यांत ऑइल गळायला लागतं. पैसे नसतील तर थांबा, पण अर्धं काम करू नका.

जिमनीला २ इंच ही समजूतदार हद्द आहे. इतक्यात २३५/७५ आर १५ म्हणजे जवळपास २९ इंचाचा टायर लोक घालतात, थोडं प्लास्टिक कापावं लागतं. पण लिफ्टने तिचे एक्सल लॅटरल रॉडमुळे (एक्सलला चेसिसशी आडवा बांधणारा दांडा) एका बाजूला सरकतात, म्हणून अॅडजस्टेबल रॉड आणि कॅस्टरचे बुश त्याच बिलात धरा, नाहीतर ७०-८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि मग मिस्त्री नुसतं बॅलन्सिंग करत बसतो. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, प्रत्येक चाक वेगळं हलतं, तिथे उंची वाढवली की पुढचे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, दीड-दोन इंचाच्या वर त्यांचे रबरी बूट फाटायला लागतात, बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि आत आपली काळी माती. म्हणून थारवर ३ इंच, ४ इंच मारायची भाषा कोणी केली तर आधी विचारा, डिफरन्शियल खाली घ्यायचे ब्रॅकेट, ब्रेकच्या लांब नळ्या, हे सगळं किटमध्ये आहे का? नसेल तर नमस्कार करून निघा.

बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे टाकायचे, सस्पेन्शन तसंच राहतं, टायरला जागा होते. १ इंचापर्यंत ठीक, वर गेलात तर स्टिअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचा पंखा, गिअरचा दांडा सगळ्याशी भांडावं लागतं.

मोठ्या टायरची किंमत इंजिन भरतं. ३१ च्या जागी ३३ घातला तर गाडी वरच्या गिअरमध्ये धावल्यासारखी होते, फरक ६ टक्क्यांचा, मीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०६ वर असाल आणि चलान तुमचंच फाटेल. थारच्या डिझेलला टॉर्क भरपूर, ती ओढून नेते, पण जिमनीच्या दीड लिटर पेट्रोलला २९ चा जड टायर भेरूघाटाच्या चढावर चांगलाच जाणवतो, एक गिअर खाली ठेवूनच चालवावं लागतं. फायनल ड्राइव्हचा रेशो, म्हणजे डिफरन्शियलमधले गिअर, बदलणं हा खरा इलाज, पण त्याचा खर्च बघितला की माणूस आपोआप लहान टायरवर येतो. आणि गाडी जितकी उंच तितकी बाजूच्या उतारावर आडवी व्हायला तयार, वर कॅरिअरवर जेरीकॅन बांधले असतील तर अजूनच.

कायद्याचं पण बोलून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठासून सांगितलं. म्हणजे उंच केलेली गाडी रस्त्यावर पकडली गेली किंवा अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याच्या हातात कारण आयतंच. कंपनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला जी साइज देते तेवढ्यात राहिलात तर हा त्रास सगळ्यात कमी, त्याच्यापुढे जाणारा आपल्या जबाबदारीवर जातो.

सगळं बसवून झालं की त्याच दिवशी अलाइनमेंट करा, आणि ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट, चाकाचे नट, सस्पेन्शनचे सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने कसून घ्या, नवीन बुश बसले की ते सैल होतात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायचे, जॅकवर लटकलेली असताना नाही, नाहीतर बुश पिळलेलाच राहून लवकर फाटतो, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून हे बघा. स्टेपनी पण त्याच साइजची घ्या, चार मोठे आणि पाचवा जुना ठेवून फोर बाय फोरमध्ये कोरड्या रस्त्यावर चालवलंत तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणारा गिअरबॉक्स) नुकसान होतं. मोठी स्टेपनी मागच्या दारावर लटकणार असेल तर दाराच्या बिजागऱ्या एकदा हलवून बघा. हेडलाइट पण खाली करून घ्या, गाडी वर गेली की लाइट थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो.